माझा जबडा मिटला नाही तो रविवार

मित्रांनो, मी एक जुना हिच आहे, ट्रेलर गाडीला जोडणारा. हे सांगतानाही मला संकोच वाटतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझे नाव ऐकले नसेल, आणि ज्यांनी ऐकले असेल त्यांनी मला नीट पाहिले नसेल. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात मधोमध घोड्याच्या नालाच्या आकाराची एक काळी, ग्रीसने माखलेली लोखंडी थाळी असते. तो मी. ट्रेलरच्या नाकाखाली मनगटाएवढी जाड खीळ असते. ती माझ्या खाचेत शिरली की माझा जबडा मिटतो, बाहेर आलेला दांडा आत जातो आणि ‘खट्’ असा आवाज होतो. मला फिफ्थ व्हील म्हणतात, पण मी चाक नाही. मी फक्त धरून ठेवतो.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या एका कारखान्यात झाला. मी तापून लाल झालो होतो एवढे आठवते. बाकीचे कदाचित मी मागाहून रचले असेल. जहाजातून मी सिंगापूरला आलो आणि पहिली दहा वर्षे एका घोडेस्वारीच्या क्लबात घोड्यांचा ट्रेलर ओढला. घोडे उभ्याउभ्या डुलक्या घेत. भार या पायावरून त्या पायावर टाकत. ती हालचाल खिळीतून माझ्यापर्यंत उतरे. वरून पर्जन्यवृक्षांच्या सावल्या सरकत, आणि मला वाटे की घोड्यांना पडणारी स्वप्नेच मला पडत आहेत. हिरवी, लांबलचक, कुंपण नसलेली.

या देशात गाडीचे वय कागदावर लिहिलेले असते. दहा वर्षे भरली आणि तो पिकअप मोडीत गेला. मला उकलून एका यार्डात ठेवले. तिथे मी दोन वर्षे आकाशाकडे तोंड करून पडलो. माझ्या खाचेत पावसाचे पाणी साचे, एक साळुंकी येऊन ते पिई. त्या पाण्यात ढग उतरत. गंज चढत होता, तरी ते दिवस वाईट होते असे मला म्हणवत नाही.

मग एके दिवशी प्रबोध आले. बेडोकला राहणारे, नुकतेच निवृत्त झालेले, हलक्या आवाजात बोलणारे गृहस्थ. त्यांच्या पत्नी नीताताई नोव्हेनाच्या एका रुग्णालयात डोळ्यांच्या डॉक्टर. ताईंनी एका जुन्या केबिन ट्रेलरमध्ये डोळे तपासायची यंत्रे बसवली होती. दर रविवारी तो फिरता दवाखाना बांधकाम मजुरांच्या वसतिगृहांपाशी न्यायचा, असे ठरले होते. पिकअप होता त्यांचे मित्र विश्वास यांचा. विश्वास प्रदर्शनांचे स्टॉल उभारून देत. आता फक्त हिच निवडायचा होता.

प्रबोध तीनदा आले. दर वेळी टेप आणि वही घेऊन. तिसऱ्या वेळी नीताताई आणि विश्वासही बरोबर होते.

“दुकानात नवा कोरा, हलका मिळतोय,” विश्वास म्हणाले. “आणि तू या भंगाराभोवती प्रदक्षिणा घालतोयस. लग्नाआधी मुलगी बघायलाही इतके फेरे मारले होतेस का रे?”

“मारले होते,” नीताताई म्हणाल्या. “चौथ्या फेरीला आई म्हणाली, आता हो तरी म्हणा, नाहीतर येताना दूध घेऊन येत जा.”

प्रबोध हसले नाहीत. ते माझ्याखालची पट्टी मोजत होते. “तुझ्या गाडीचा हौदा आखूड आहे, विश्वास. नवा हिच जागचा हलत नाही. वळणावर ट्रेलरचं नाक तुझ्या मागच्या काचेला लागेल. हा या रुळांवर हातभर मागे सरकतो.” मग टेप गुंडाळत म्हणाले, “म्हणजे, माझं चुकतही असेल.”

यार्डवाले अंकल खुर्चीतूनच इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाले, “ओल्ड, बट स्टेडी लाह.”

अशी माझी निवड झाली. मला घासले, ग्रीस लावले, सरकारी तपासणी झाली. त्या पिकअपवर मी तीन वर्षे दवाखाना धरला. दर रविवारी नव्या चष्म्यांतली माणसे ट्रेलरच्या पायऱ्या उतरत. कुणी समोरच्या झाडाकडे बघतच राही, जणू पाने आत्ताच फुटली आहेत.

दर वेळी निघण्यापूर्वी प्रबोध दांडा तपासत. ट्रेलरचे पाय जमिनीवर टेकलेले असतानाच पिकअप जरासा पुढे घ्यायला लावत. मी घट्ट धरले असेल तर गाडी अडते. हा त्यांचा नेम. पण एकदा त्यांना उगीचच शंका आली आणि त्यांनी सगळे पुन्हा सोडवून पुन्हा जोडायला लावले. मी ठीक होतो. अर्धा तास गेला. तेव्हापासून विश्वास त्यांना ‘संशयराव’ म्हणू लागले, आणि प्रबोध हळूहळू कमी बोलू लागले.

मग तो रविवार आला. दसरा खरा आठवड्याच्या मधल्या वारी होऊन गेला होता, पण इथे सण रविवारी साजरे होतात. सकाळी गाडीतळावर विश्वास यांच्या पत्नी उल्काताईंनी पिकअपची पूजा केली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “खरं काम हा करतो. याला कोण विचारतं?” त्यांनी मला हळदकुंकू वाहिले, लिटल इंडियातून आणलेली झेंडूची माळ घातली आणि माझ्या थाळीवर गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य ठेवला. मित्रांनो, एवढ्या आयुष्यात मला कुणी फूल वाहिले नव्हते. मी पार विरघळलो.

त्याच तंद्रीत ट्रेलर जोडला गेला. खीळ आली. खोबऱ्याचा एक तुकडा घरंगळत माझ्या जबड्याच्या सांध्यात शिरला. मी मिटायला गेलो आणि मिटलो नाही. दांडा दोन बोटे बाहेर राहिला. पण त्याच्यावर माळ होती. कुणाला दिसला नाही.

“चला,” विश्वास म्हणाले. “तिकडे तीस माणसं वाट बघतायत. आठवड्याची एकच सुट्टी असते त्यांना.”

नीताताई यंत्रांशेजारचा सामानाचा खण बंद करून गाडीत बसल्या. प्रबोधही, आज ओढून न बघताच, बसले. मी ओरडू शकत नव्हतो. वाटेत चढाचा पूल होता, मागून बसगाड्या येणार होत्या, आणि अडीच टनांची ती केबिन माझ्या अर्धवट मिटलेल्या तोंडात होती.

विश्वास ट्रेलरचे पाय वर घ्यायला खाली उतरले. तेवढ्यात पुढचे दार पुन्हा उघडले.

“विश्वास, आवाज आला नाही,” प्रबोध म्हणाले.

“कसला?”

“खट्. दर वेळी येतो. आज मला ऐकू आला नाही. माझं चुकतही असेल.”

“संशयराव, आज सण आहे.”

“हस हवं तर. पण पाय खाली राहू देत, आणि गाडी वीतभर पुढे घे.”

विश्वासनी सुस्कारा सोडला आणि गाडी पुढे घेतली. आणि मी सोडले. ट्रेलर आपल्या पायांवर जागीच उभा राहिला, पिकअप रिकामा पुढे गेला. माझी माळ तुटून फुले खाली पडली. त्या क्षणी मला पुन्हा ते यार्ड दिसले.

“म्हातारा झाला हा,” विश्वास म्हणाले. “बदलू या.”

प्रबोधनी बॅटरी लावून माझ्या तोंडात पाहिले. मग चिमट्याने तो तुकडा ओढून काढला आणि तळहातावर धरला. “याचा काय दोष? आपणच खाऊ घातलं.”

उल्काताईंनी पदराने डोळे टिपले. विश्वासनी तो तुकडा उचलून बाजूला टाकला. मग त्यांनी स्वतः माझा जबडा पुसला, गाडीत बसून, खिडकीतून कान बाहेर काढून ती हळूच मागे घेतली आणि खीळ पुन्हा बसवली. मी मिटलो. खट्.

“आला,” विश्वास म्हणाले. “प्रबोध, ये, पुन्हा जोडतो, तूही ऐक.”

पुढच्या वर्षी या पिकअपचीही दहा वर्षे भरतील. मग कदाचित यार्ड, साळुंकी, साचलेले ढग. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. मित्रांनो, एवढेच मागतो. जो तुम्हाला धरून ठेवतो त्याला फुले जरूर वाहा, पण निघण्याआधी एकदा हलकेच ओढूनही पाहा. त्याचा राग येत नाही. आणि ओढून पाहणाऱ्याला हसू नका.

आता दसऱ्याला नैवेद्य बॉनेटवर ठेवतात. माझ्या वाट्याला बोटभर ग्रीस येते. तेवढे पुरते.