ओले वाफे

"बस झालं आता! आजपासून म्हाताऱ्याच्या खोलीला बाहेरून कडी," नवरा ओरडला आणि त्याने आपल्या वडिलांच्या, आबांच्या हातातलं खोरं हिसकावून कुंपणाकडे भिरकावलं. वांग्याचे वाफे आधीच भिजलेले होते आणि आबा त्यांत पुन्हा पाणी सोडत होते. रोपं कुजली असती.

सून पदर खोचून मध्ये पडली. "सासरे आहेत माझे, मोकाट ढोर नाहीत! आधी दवाखान्यात दाखवू, मग कुठे काय लावायचं ते लावा."

सासू गेल्यापासून आबांचं सगळं तंत्रच बिघडलं होतं. अंधारातच उठायचे, ओट्यावर येरझाऱ्या घालायचे, दोन घास खाऊन ताट सारायचे. काही विचारलं की "मला काय ठाऊक" एवढंच. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असा निकाल गावाने कधीच लावून टाकला होता. पण कडी लागली तर हा माणूस आत बसल्या बसल्या संपेल, या धास्तीने तिच्या जिवाला घोर लागला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आबा, आज वार कोणता?"

"ठाऊक नाही."

"नातवंडांची नावं सांगा."

"कशाला छळता बाई? डोकं गेलंय माझं."

"जाऊ दे ना गेलं तर. तरी बघा आठवून. मला घाई नाही."

बाई खरंच गप्प बसून राहिल्या. नवरा चुळबुळ करत होता. बऱ्याच वेळाने आबांनी वार सांगितला, मग एकेक करून नावंही. सगळं बरोबर.

"विसरण्याच्या आजारात माणूस बहुधा चूक झाकतो, काहीतरी ठोकून देतो," बाई म्हणाल्या. "हे तर आठवायलाच तयार नव्हते. झोप नाही, भूक नाही. मला मन खचलेलं दिसतंय, आणि त्यावर औषध आहे. पण आजच शिक्का मारत नाही, कधी कधी दोन्ही एकत्र असतं. रक्त तपासू, पुन्हा बघू. आबा, डोकं गेलं असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

आबा म्हणाले, "रोज पाणी द्यायला जातो, तर वाफे ओलेच. म्हणजे मीच देतो आणि मीच विसरतो. आज म्हटलं, नाही, दिलेलं नाही मी. देणारच."

सून खुर्ची सोडून आबांजवळ आली.

"आबा, ते मी भिजवते. तुम्ही ओट्यावर असता तेव्हा. म्हटलं, या वयात कशाला कष्ट..."

"तू?" आबा उभेच राहिले. "आणि मी इथे वेडा होत बसलो? बाई माझी गेली, मागे हे एवढंच काम उरलं होतं, तेही काढून घेतलंस?" मग खाली बसून ते ढसाढसा रडले. सासू गेली तेव्हाही ते रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुनेचे हात शिवशिवत होते. ऊन चढलं, वारा तापला, रोपांनी माना टाकल्या, तरी ती दारातून हलली नाही. अखेर आबा खोरं घेऊन गेले. अर्धे वाफे भिजवले आणि दमून बांधावर बसले.

"बाकीची रोपं जळतील गं," म्हणत नवरा उठला. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"जळू देत."