बंद झालेलं मशीन उठेना

नेटवर्कवाला धावतच आत आला. अ‍ॅम्ब्युलन्स पाठवायच्या त्या खोलीत सहा कॉम्प्युटर मशिनं, त्यातली पाच काळी ठिक्कर. त्यांना स्वतःची डिस्कच नव्हती. चालू झाली की सगळं कोपऱ्यातल्या लिनक्स सर्व्हरकडून, म्हणजे तिथल्या मुख्य मशिनाकडून, मागून घ्यायची. उसनवारीचा संसार म्हणा ना. पाळी संपली की जाणाऱ्याने मशीन बंद करायचं, येणाऱ्याने चालू करायचं, हा तिथला दंडक. आज बंद झालेलं एकही परत उठलं नाही, आणि त्या पाच टेबलांवरचे फोन वाजतच होते.

उरली फक्त मावशी, सगळ्यांत जुनी ऑपरेटर. तिने मशीन बंद केलं नव्हतं, कारण तिच्या हेडफोनमध्ये एक बाप रडत होता. त्याच्या तान्ह्या मुलीच्या घशात काहीतरी अडकलं होतं, श्वास अर्धामुर्धा चालत होता. गाडी निघाली होती आणि तिला वाट दाखवणारा नकाशा याच एका पडद्यावर होता.

सकाळी सर्व्हर अपडेट केला तो आपणच, म्हणजे शेण खाल्लं तेही आपणच, असं धरून नेटवर्कवाला सर्व्हरच्या नोंदींचा लॉग चाळत होता. पण सर्व्हर बिचारा चालू होणाऱ्या प्रत्येक मशिनाला नेटवर्कवरचा नंबर, म्हणजे त्याचा पत्ता, नीट देऊ करत होता. मशिनंच तो सोडून भलत्याच कुणाचा तरी नंबर घेत होती. त्या भलत्याकडे मशीन उठवायला लागणारं पुढचं सगळं द्यायला काय होतं, कपाळ?

त्या भलत्याच्या शोधात, वायर धरून तो टेबलांखाली रांगत गेला आणि मावशीच्या पायांशी थांबला. घरून आणलेला वायफायचा डबा तिथे लुकलुकत होता, भलते नंबर वाटणारा तो हाच. भिंतीतली वायर डब्यात, डब्यातली मावशीच्या मशिनात.

"लेकीचे दिवस भरलेत," मावशी माइक झाकून म्हणाली. "इथे फोनला रेंज नाही, तिचा फोन यायचा कसा? जेवणाच्या सुट्टीत लावला."

"हा काढला तर बाकीची उठतील, मावशी. पण तुमचं बंद पडेल बहुतेक."

मावशीने नकाशावर एकदा नजर फिरवली. "काढ."

"आणि गाडी?"

"काढ म्हणते ना."

त्याने वायर उपटली. नकाशा जागच्या जागी गोठला, हेडफोनची लाइन वेगळी म्हणून ती तेवढी चालू राहिली. मावशीने डोळे मिटले आणि ड्रायव्हरला सांगू लागली, "टाकीपासून डावीकडे. शाळा मागे टाका. पुढचं नाही, त्याच्या नंतरचं वळण." आवाज कसा अगदी स्थिर. तिच्या मुठीतला स्वतःचा फोन मात्र डब्याबरोबर मुका झाला होता, आणि तो टेबलाखालच्या एकट्यालाच दिसत होता.

वर एकेक मशीन उठायला लागलं. कुणीतरी वाजणारा फोन उचलला. मग मावशीच्या हेडफोनमधून, खाली त्याला ऐकू येईल इतक्या जोरात, तान्ह्या पोरीने भोकाड पसरलं.

"पोहोचली गाडी," मावशी म्हणाली. तिने डबा पायाने त्याच्याकडे सरकवला आणि हातातल्या फोनकडे पाहिलं. रेंज नव्हतीच. "आता मला जरा बाहेर जाऊ दे रे. लेकीला फोन लावते."