मी, ७३९३९१३३

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे: ७३९३९१३३. संख्यांना जन्म नसतो, पण माणसांत मी आले ती शिलाई मशीनच्या कारखान्यात. एका कामगाराने पितळी पट्टीवर माझे आठ अंक ठोकले आणि पट्टी मशीनवर बसवली. पुढे वीस वर्षे मला कुणी वाचले नाही. टाके सरळ पडतात म्हणून मशीनचे कौतुक होई. माझ्यावर तेलाचे आणि धुळीचे थर चढत गेले.

मशीन कपडे शिवून देणाऱ्या एका ताईंचे होते. त्यांचे वडील शाळेत गणित शिकवत, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. ताईंनी त्यांची खुर्ची मशीनशेजारी आणून ठेवली. सर दिवसभर भिंतीकडे बघत बसत, ताटाला हात लावत नसत. दोन घास तरी खा, म्हणून ताई विनवून थकल्या. डॉक्टरांनी बजावले होते की हात हलला नाही, तर तो कायमचा जाईल.

एका सकाळी ताईंनी मशीन घासूनपुसून काढले आणि सरांची नजर माझ्यावर खिळली. त्यांनी खुणेने खडू मागितला. कापडावर खुणा करायचा चपटा खडू ताईंनी मुद्दाम त्यांच्या उजव्या मुठीत दिला आणि मांडीवर फळी ठेवली.

सरांनी मला तीनने भागले, दोन उरले. सातने भागले, पुन्हा दोन. अकराने, चार. अंक वेडेवाकडे उमटत, खडू गळून पडे. तरी रोज दहा-बारा भागाकार होऊ लागले. माझे वर्गमूळ आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवच्या जरासे पुढे, त्यापलीकडे तपासायची गरज नसते; तिथपर्यंतच्या हजारावर मूळ संख्या त्यांनी लावून पाहिल्या. एकीचाही भाग पूर्ण गेला नाही. म्हणजे एक आणि मी स्वतः, यांखेरीज मला कुणीच भागू शकत नव्हते. मीही मूळ संख्या होते, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

मग एकदा दोऱ्याचे रीळ घरंगळत येऊन माझ्या शेवटच्या अंकावर थांबले. सरांनी उरलेली ७३९३९१३ भागायला घेतली. तीही मूळ निघाली. त्यांनी अंगठ्याने आणखी एक अंक झाकला. ७३९३९१. मग ७३९३९, ७३९३, ७३९, ७३. शेवटी नुसता ७. दरवेळी मूळ संख्याच.

"नाही तुटत," सर म्हणाले. सात महिन्यांतले ते पहिले शब्द.

ताईंनी मशीन थांबवले. "काय म्हणालात, बाबा?"

"कितीही... काढून घे. तुटत नाही."

ताईंनी त्यांचा खडूने पांढरा झालेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

पुढे सरांनी माझ्या उजवीकडे नववा अंक जोडून पाहिला. शून्यापासून नवापर्यंत कोणताही जोडा, मूळ संख्या मिळत नाही. संख्यांना अंत नाही, मित्रांनो, पण गणितज्ञांनी पडताळून पाहिले आहे: शेवटचा अंक पुसत जा आणि दरवेळी मूळ संख्याच उरावी, अशी माझ्याहून मोठी एकही नाही. ते कळले तेव्हा मी पट्टीवरच्या पट्टीवर थरारले.

सर त्यानंतर चार वर्षे जगले. आपल्या हाताने जेवले. कपडे शिवायला येणाऱ्या मुलींना भागाकार शिकवले.

तुमच्याही घरात कुणी गप्प बसले असेल. त्याला नुसते जेवण आणि औषध देऊ नका. एखादे अवघड काम द्या, आणि ते संपायची घाई करू नका.