तेलाच्या डब्यावरचं लेबल

मित्रांनो, मी एक जुनं, दमलेलं लेबलयंत्र आहे. डब्यांवर किमतीची लेबलं टकाटक चिकटवायची, एवढंच माझं काम. उभं आयुष्य कांपिनास शहरातल्या एका किराणा दुकानात गेलं. मला चालवायची जुरेमा. तिच्या एकटीच्या पगारावर अंथरुणाला खिळलेली आई आणि दोन मुली जगत होत्या.

ब्राझीलमध्ये तेव्हा महागाईने कहर केला होता. सकाळची किंमत दुपारी टिकत नसे. माझी टकटक ऐकली की बायका पुढे धावत, मी पोचायच्या आत डबा उचलायला. त्यांना वेळ मिळावा म्हणून जुरेमा मुद्दाम पाय ओढत चाले. माझं कौतुक फक्त मालकांना होतं. बाकीच्यांच्या शिव्या खाऊन खाऊन माझं अंग निबर झालं.

सरकार परदेशी कर्जात गळ्यापर्यंत बुडालं होतं. एक दिवस घोषणा झाली, जुना क्रुझेरो गेला, आता नवा क्रुझादो. पैशातली तीन शून्यं उडाली आणि किमती होत्या तिथेच गोठवल्या. दर वाढवणं गुन्हा ठरला. बायका छातीवर ‘किमतींच्या तपासनीस’ असे बिल्ले लावून दुकानांवर पहारा ठेवू लागल्या. जुरेमाने मला पुसून खणात ठेवलं.

"झोप आता गप," ती म्हणाली. खरं सांगायचं तर, मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

ते सुख फार टिकलं नाही. एका सकाळी शटर उघडायच्या आत मॅनेजर वाल्दिर यांनी मला बाहेर काढलं.

"तेलाचा भाव वाढव."

"साहेब, पकडलं तर?"

"तुझ्या जागेसाठी बाहेर रांग लागलीय. बघ बाई, तुझं तू."

जुरेमाने लेबलं चिकटवली. घाईत खालची जुनी खरवडायची राहिली.

शटर वर गेलं. तिच्याच गल्लीतल्या झुल्मिराबाई, सगळ्यांच्या ‘दोना’, बिल्ला लावून आत आल्या. त्यांनी नखाने लेबल उचकटलं आणि जुनी किंमत उघडी पडली.

"अगं भवाने! रोज माझ्या दारावरून जातेस, आणि आमच्याच पोटावर पाय?"

"दोना, मला सांगितलं म्हणून..."

"मी नाही हं!" वाल्दिर यांनी हात झटकले. "यंत्र कुणाच्या हातात आहे बघा की!"

पोलीस आले. दुकानाला टाळं लागताना गर्दी राष्ट्रगीत गाऊ लागली, त्या दिवसांत तशी रीतच पडली होती. दोन शिपायांच्या मधे उभी जुरेमाही रडत रडत गात होती. राष्ट्रगीत चालू असताना गप्प कसं राहायचं, हे तिला कळेना.

आठवड्याने दुकान उघडलं. वाल्दिर आले, जुरेमा आली नाही. वर्षभरात किमती पुन्हा मोकाट सुटल्या आणि मला दुसरीच्या हाती दिलं. पैशाची नावं बदलत राहिली, शून्यं उडत राहिली, माझी टकटक काही थांबली नाही. आता स्प्रिंग तुटून भंगारात पडायची वेळ आली आहे, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखी यंत्रं पैशाला पासरी मिळतात. पण महागाईने चिडून लेबल लावणारीला पकडायला जाल, तेव्हा त्या बाईला एवढं विचारा, "तुला हे कुणी करायला लावलं?" आणि ती बोलेपर्यंत थांबा. जुरेमा सांगायला तयार होती. तिचं वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नाही.