कोरा ताव

मार्गशीर्षातली सकाळ. देवगिरीच्या काळ्या कड्यावरून ऊन उतरत होते, हळदीच्या पावलांनी, एकेक पायरी चाचपत. खाली कागद्यांच्या वस्तीत चुन्याच्या भिंतींना कागदाचे ओले ताव वाळायला चिकटवलेले. तिथे पोचता पोचता ते पिवळे ऊन शुभ्र होऊन जाई.

जे घडले नाही, त्या इतिहासातली ही सकाळ. या इतिहासात दिल्लीला परत फिरायचे फर्मान निघालेच नाही. राजधानी देवगिरीलाच राहिली, रुजली, आणि सुलतानाची निशाणे दक्षिणेला सरकत गेली. कृष्णा ओलांडून, तुंगभद्रा ओलांडून, कावेरीच्या हिरव्या काठापर्यंत.

मुनीर कागदी सात वर्षांचा असताना दिल्लीहून बापाच्या खांद्यावरून इथे आला. आता सत्तरीचा झाला. उभ्या जन्मात त्याने लगद्याच्या हौदातून हजारो ताव उचलले. अक्षर एक वाचले नाही.

हरकाऱ्याने फर्मान उलगडले तेव्हा मुनीरने आधी कागदाची कड चिमटीत धरली. अंबाडीचा, मऊ, अकीकाच्या दगडाने घोटलेला. त्याचाच ताव होता तो.

"काय लिहिलंय बाबा, माझ्या कागदावर?"

"कावेरीकाठी नवी राजधानी. पाच दिवसांत निघायचं. सगळ्या कागद्यांनी."

मुनीरने चिंचेकडे पाहिले. चिंचेखाली बापाची कबर, बायकोची कबर, आणि तिच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा. ती त्याने स्वतःसाठी राखली होती.

कागद्यांची एक रीत होती. गाव सोडताना हौदातला शेवटचा ताव कोराच सोबत न्यायचा आणि नव्या हौदाच्या पहिल्या लगद्यात विरघळवायचा. बापाने यमुनेकाठचा ताव असाच आणला होता. मग पाणी परके राहत नाही, म्हणत.

पाचव्या दिवशी मुनीरने हौदात साचा बुडवला. हौदात उरलेला सगळा लगदा साच्यावर आला. तो शेवटचा ताव त्याने भिंतीला लावला, तोच नागाई आली. लहानपणी आईच्या मागून अंबाडीचे भारे घेऊन यायची. आजवर येतच होती.

"आलास तेव्हा बोली येत नव्हती, भाकर मागायला खुणा करायचास, मुनीरभाऊ. आता या वयात परत खुणाच का?"

"भाताच्या करीन, नागाक्का. तिकडं भाकर नसते म्हणं."

ती हसली, हसता हसता डोळे भरले, तोल गेला. भिंतीला टेकलेला पंजा ओल्या तावावर उमटला. पाच बोटे, अंबाडी सोलून सोलून चिरलेली.

"अगं बाई! नासवला की मी. दुसरा उचल."

हौद रिता होता.

मुनीरने त्या पंज्याच्या एकेका बोटावरून नजर फिरवली. जन्मात पहिल्यांदा त्याला कागदावरचे वाचता येत होते.

"हाच नेतो, अक्का. तेवढी चिंचेखालची माझी जागा बघ."

"बघते."

गाड्या निघाल्या. डोंगर मागे पडले, नद्या मागे पडल्या, बोली मागे पडल्या. पावसाळा सरल्यावर कावेरीकाठी नवा हौद भरला. मुनीरने ताव पाण्यावर अलगद ठेवला. त्यावरची पाचही बोटे हळूहळू सैल झाली, उघडली, हौदभर झाली.

आणि दूर देवगिरीला, चिंचेखालच्या मोकळ्या जागेत, नागाईने पेरलेली अंबाडी पिवळ्या फुलांनी डोलत होती.