कप्तानाच्या खोलीचा रंग

डाग्या रंगाऱ्याने एकदा असा काळा रंग काढला होता की शिवताना त्या कापडावर पडलेली सुई शिंपिणीला थेट पुढच्या उन्हाळ्यात सापडली. त्याने रंगवलेल्या पिवळ्या शालीची गोष्ट तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. शेजारची कोंबडी आपली अंडी त्या शालीखाली सारून खुशाल फिरायला जायची. खोटं वाटत असेल तर कोंबडीला विचारा.

डाग्या हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, ठेवलेलं. लहानपणी अंगावर डाग न पाडता तो कधी घरी आला नाही, आणि मोठेपणी त्याने त्याचाच धंदा केला. रोज संध्याकाळी तो साबणाने खसाखसा हात घासायचा. बाकीची बोटं निवळायची, उजवा अंगठा मात्र हटून बसलेला. उभ्या आयुष्यात ढवळलेला एकूण एक रंग त्या अंगठ्यात बिऱ्हाड करून राहिला होता आणि जायचं नाव काढत नव्हता.

एका सकाळी ताई कारखान्यात आली, पालथ्या पिंपावर बसली आणि म्हणाली, "तुझे भाऊजी परत चाललेत बोटीवर."

"या वयात?"

"झोप लागत नाही म्हणतात. जमीन हलत नाही ना."

भाऊजी म्हणजे कप्तान. सगळा जन्म पाण्यावर गेला आणि निवृत्त होऊन घरी आले तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. ताईने करायचं ते सगळं करून पाहिलं होतं. पलंगाला चाकं लावली, तर कप्तान पलंगासकट शेजाऱ्यांच्या अंगणात निघाले. खिडकीखाली टब ठेवून ती पाणी चुबुकचुबुक हलवत बसली, तर बसल्याजागी तीच घोरू लागली, आणि कप्तान तिच्या अंगावर चादर घालून खिडकीत उभे राहिले. आता जुन्या कंपनीचं बोलावणं आलं होतं. बोट सोमवारी सुटणार होती.

"आता गेले की यायचे नाहीत रे," ताई म्हणाली. "इतक्यांदा निरोप दिला, पण या वेळी हात वर होणार नाही माझा."

डाग्याने पिंपातली काठी थांबवली. "बोटीवर कशी लागायची झोप?"

"केबिनच्या पडद्याकडे बघत, म्हणतात. त्याच्याकडे पाहिलं की आपोआप डोळे मिटायचे." तिने पर्समधून करंगळीएवढा कापडाचा तुकडा काढला. "मागितला तर एवढाच कापून दिला. सगळं समुद्राला वाहिलं, चिकटपणा तेवढा घरी आणला."

डाग्याची लेक लोकांची घरं आतून सजवायची. तिने तुकडा पाहिला आणि ती सरसावून बसली.

"आत्या, नुसत्या पडद्याने काय होणार? खोलीच बुडवू."

"पाण्यात?" ताईने मोठ्या आशेने विचारलं.

"रंगात गं. हल्ली तेच चाललंय. भिंत एका रंगाची, छत पांढरं, पडदा तिसराच, ते दिवस गेले. आता भिंत, छत, दार, पडदा, चादर, गालिचा, सगळं एकाच रंगात. आणि चकचकीत काही नाही, फार तर उशांना रेशीम. हाताला जाणवेल असं कापड पाहिजे. जाडंभरडं लिनन, कच्ची लोकर, समुद्री शेवाळापासून काढलेला धागा."

"शेवाळाचा?" डाग्या म्हणाला. "म्हणजे पडदा मळला की धुवायचा, का त्याला खत घालायचं?"

"बाबा, रंगवून तर बघा."

त्याने रंगवून पाहिलं आणि त्याची थट्टा घशातच राहिली. कापडांचे स्वभाव त्याला तोंडपाठ होते. सूत रंग घटाघटा पितं, लोकर चावून चावून खाते, रेशीम नुसतं ओठाला लावतं. शेवाळाचा धागा मात्र माहेरी आलेल्या लेकीसारखा पिंपात शिरला, आणि बाहेर काढला तरी हळूहळू हलतच राहिला. खोलीत वारा नव्हता. डाग्याने दोनदा खिडकी तपासली.

मग सुरू झालं रंग जुळवणं. करंगळीएवढा तुकडा उजव्या हाताच्या चिमटीत धरायचा, उजेडात न्यायचा, शेजारी आपलं कापड धरायचं. ओल्या कापडावर त्याचा विश्वास नसे. "ओला रंग पाहुण्यासारखा गोड बोलतो, खरा कळतो वाळल्यावर." म्हणून वाळवायचं, ताडून पाहायचं, मान हलवायची, पुन्हा पिंपात. पहिल्या दिवशी त्याला काम सोपं वाटलं होतं. पण रंग पळू लागला. काल जुळलेला आज जुळेना. ना निळा, ना करडा, ना हिरवा, आणि तळाशी एक जांभळा दबा धरून बसलेला.

"कसला पडदा होता कोण जाणे," तो लेकीला म्हणाला. "जवळ गेलं की मागे सरतो. असा रंग मी बापजन्मी पाहिला नाही."

शेवटी एकदाचा जुळला. लेक तुकडा आणि नमुना घेऊन गेली, भिंतीचा रंग त्याबरहुकूम घोटून घेतला, आणि रविवारी दुपारी ताईची मागची खोली तयार झाली. कप्तानांची बॅग तोवर भरून दाराशी उभी होती.

"भाऊजी, जरा पडून तर बघा," डाग्या म्हणाला.

"पडायला काय, पडतो. पण मेव्हणेबुवा, चिंध्यांनी जमीन हलत नसते," कप्तान म्हणाले आणि आत गेले. दार लोटलं गेलं.

त्यांच्या उशाशी ठेवावी म्हणून ताईने बॅगेतून दुर्बीण काढली. ती एका कापडात गुंडाळलेली होती, आणि त्या कापडाचा कोपरा करंगळीएवढा कापलेला होता.

डाग्याने कापड उलगडलं आणि ती न हलणारी जमीन त्याच्या पायाखाली हलली. पडदा पिवळट होता. उन्हाने विटलेला, चहाच्या गाळण्यासारखा, कुठल्याही खानावळीत लोंबत असतो तसा.

लेकीने पिशवीतून तुकडा काढून शेजारी धरला. पडद्याचा रंग एकीकडे, तुकड्याचा भलतीकडे. मग तिने बापाचा हात ओढला आणि त्याचा अंगठा तुकड्यावर टेकवला. तुकडा कुठे संपतो आणि अंगठा कुठे सुरू होतो ते दिसेनासं झालं.

"बाबा, रोज ओल्या हाताने धरत होता ना? त्याने तुमचाच रंग घेतला. तुम्ही आपल्या अंगठ्याशी जुळवत बसलात."

डाग्याने हात मागे घेतला. "ताई, घोळ केला मी. त्यांना बाहेर बोलाव. सगळं उतरवतो, पुन्हा रंगवतो."

"बोट उद्या आहे," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं.

तिघं दार ढकलून आत गेले आणि उंबऱ्यावरच थबकले.

खोलीला कोपरे नव्हते. एक पलंग आणि एक खुर्ची ठेवली की संपणारी ती खोली, लेकीने स्वतः टेप लावून मापलेली. आता तिची भिंत कुठे टेकते आणि छत कुठे लागतं, काही कळेना. खाली लोकरीने उजेड गिळला होता, पलंगावर लिननने तो थोडा थोडा सोडला होता, उशांचं रेशीम मध्येच चमकून विझत होतं, आणि पडदा आपल्या आपण श्वास घेत होता. डाग्याने हात पुढे केला. भिंत लागली नाही. तो बघत राहिला तसतसे त्याला त्या रंगाच्या तळाशी आपलेच रंग दिसू लागले. सुई गिळणारा काळा होता, कोंबडीची शाल होती, तरुणपणी बिघडलेला आणि लाजेने ओतून दिलेला तो लालसुद्धा होता. सगळे एकमेकांवर शांत निजलेले.

"हे मी केलेलं नाही," लेक हळूच म्हणाली. खोली बुडवायची ही नवी तऱ्हा तिनेच तर आणली होती.

मधोमध कप्तान उभे होते, पाय फाकवून, किंचित डोलत.

"भाऊजी, माफ करा," डाग्या म्हणाला. "हा तुमच्या पडद्याचा रंग नाही."

"नाहीच," कप्तान वळून न पाहता म्हणाले. "पडदा सारला की पलीकडे असायचा, तो हा. उजाडायच्या जरा आधीचा. मी पडद्याकडे बघायचो, पण झोप लागायची ती हा पलीकडे आहे म्हणून." ते पलंगाच्या कडेवर टेकले आणि त्यांनी विचारलं, "पहाऱ्यावर कोण आहे?"

डाग्याने लेकीकडे पाहिलं, लेकीने डाग्याकडे. ताईने खुर्ची पलंगाशी ओढली, दुर्बीण मांडीवर घेतली आणि ताठ बसली.

"मी आहे," ती म्हणाली. "झोपा तुम्ही."

कप्तान आडवे झाले ते ओंडक्यासारखे. घोरणं सुरू झालं तशी न्हाणीघरातल्या बादलीत पाणी चढू-उतरू लागलं आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना बोट लागली. त्यांनी लिंबू मागायला माणूस पाठवला.

संध्याकाळी डाग्याने सवयीने हात घासले. अंगठा निवळला. तान्ह्या पोराच्या टाचेसारखा गुलाबी अंगठा तो कितीतरी वेळ दिव्याखाली फिरवून बघत राहिला.

"बाबा, आणखी दोघांना तसाच रंग हवाय," लेक म्हणाली.

"सांग त्यांना, थांबा म्हणावं," डाग्या म्हणाला. "अंगठा पुन्हा भरायला एक जन्म लागेल."

सोमवारी तो ताईकडे गेला तेव्हा कप्तान अजून झोपलेलेच होते आणि ताई अजून पहाऱ्यावर. बंदरातून बोटीचा भोंगा आला, लांबलचक. कप्तानांनी कूस बदलली. ताईने श्वास धरला, मग सोडला, आणि ओठांवर बोट ठेवून डाग्याला दाराशी उभी असलेली बॅग खुणेने दाखवली. डाग्याने ती अलगद उचलून पलंगाखाली सारली, आणि ती त्या रंगात बुडाली.