टाक्यांची चांदणी

आमच्या घरातल्या थोरल्या पोराचं वागणं मला मुळीच पटलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. पाहुणे यायचे म्हणून माणसं पसारा लपवतात, भांडणं लपवतात. याने मला लपवलं, तेही चपलांच्या कपाटात. मित्रांनो, मी एक जुनी चांदणी आहे, खिळ्यांची. सणासुदीला दारावर मिरवणारी. लाज कशाला म्हणतात ते मला त्या कपाटात कळलं.

माझा जन्म फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यात झाला. थोरल्याची आई तिथे वेल्डिंग करते. सगळे तिला ठिणगी म्हणतात, ते काही नुसतं कामामुळे नव्हे. जीभही तशीच आहे. एका जेवणाच्या सुट्टीत तिने उरलेसुरले खिळे गोळा केले, वाकडे होते ते ठोकून सरळ केले आणि एक लांब, एक आखूड अशी टोकं बाहेर काढून मांडले. मग काळ्या काचेचा मुखवटा तोंडावर ओढून खिळ्याच्या डोक्याला डोकं जोडलं. अशा इवल्याशा जोडाला तिथे टाका म्हणतात. सुई नाही, दोरा नाही, पण "इथे दोन टाके घाल गं" हे दिवसभर चाललेलं असतं.

मी निवल्यावर तिने जोडावरची काळी खपली ठोकून काढली, मला घासून चकचकीत रोगण दिलं आणि घरी आणलं. थोरला तेव्हा लहान होता. माझ्या आईने केली, माझ्या आईने केली, असं गल्लीभर सांगत सुटला. शेजारणींनी हट्टाने तशाच चांदण्या करून घेतल्या. पुढे तो शिकला, इस्त्रीचे शर्ट घालून कचेरीत जाऊ लागला. मला गंज चढला. येता-जाता त्याची मान वर होईना.

यंदा सणाच्या दिवसांतच त्याचं लग्न जुळत आलं. मुलीची आई बोलणी करायला येणार, त्या सकाळी त्याने मला उतरवलं. कोणी केली विचारलं तर काय सांगू, असं धाकट्या बहिणीपाशी पुटपुटला आणि कपाटाचं दार लावलं.

आतून मला सगळं ऐकू येत होतं, फटीतून थोडं दिसतही होतं. पाहुणीने विचारलं, आई काय करतात?

"आई टाके घालते," थोरला म्हणाला, आणि तिथेच थांबला.

पाहुणी हरखली. हल्ली असा हात मिळतो कुठे, म्हणाली, आणि अंगावरची खोचा लागलेली शाल काढून ठिणगीच्या हातात दिली. एवढी रफू करून द्या, विहीणबाई. ठिणगीने लेकाकडे पाहिलं असावं. कोणाचं ऐकून न घेणारी बाई, पण पोराच्या लग्नापायी गिळून बसली. मला मान खाली घालावीशी वाटली. पण माझी सगळी डोकी मधोमध डकवलेली, घालू कशी?

निघताना पाहुणीने कपाटातून चप्पल ओढली आणि पट्ट्यात अडकून मीही बाहेर आले. गंजलेली, धुळीने माखलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती सुरेख. कोणी केलीय ही?"

"जुनं भंगार आहे, काकू. टाकायचंच होतं," थोरला म्हणाला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना वर्षाकाठी तेलाचा हात फिरवा, दमट जागी टाकू नका, एवढं मी मागतेच. पण तेल विसरलात तरी चालेल. कोणी केली म्हणून विचारलं, तर करणाऱ्याकडे बोट दाखवायला विसरू नका. भंगार म्हटल्याने खिळा मरत नाही. पण समोर ठिणगी उभी होती.

तिने शालीची नीट घडी घातली आणि पाहुणीला परत दिली.

"मी लोखंड जोडते, बाई. माझा टाका या शालीला लागला तर जळून जाईल. ही चांदणी माझी आहे."

पाहुणी उंबऱ्यातच थांबली. एका हातात शाल, दुसऱ्या हातात मी. ठिणगी थोरल्याकडे वळली. आवाज चढला नाही.

"खोटं बोलला असतास तर कानफटात दिली असती आणि विसरले असते. तू अर्धं खरं बोललास. कच्चा टाका आहेस तू, बाळा. वरून धरलेला दिसतोस, भार आला की सुटतोस."